पाच वेळा निवडलेला कापूस

जवळा बाजार गावात गुलाबराव समोरून येताना दिसले, की माणसं आधी सदऱ्याची बाही सावरतात. हा गृहस्थ नमस्कार करता करता तुमच्या बाहीचा एक दोरा उपसतो, दुसरा उपसून खिशात टाकतो, मग काडेपेटी काढून पहिला तिथल्या तिथं जाळतो. जळक्या कागदासारखा, म्हणजे अस्सल सुताचा वास आला, की स्वारी खूश. दोरा वितळून गोळी झाली, की, "गुरुजी, हे पलास्टिक हाय!" माझ्या सासऱ्यांच्या कोऱ्या सफारीची त्यांनी भर मांडवात परीक्षा घेतली होती. सफारी नापास झाली आणि सासरे अजून माझ्यावर रागावलेले आहेत.

गुलाबरावांची जिनिंग आहे. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि सूतगिरणीला पाठवायच्या. मी जवळच्या तांड्यावरच्या शाळेत मास्तर.

सरकारनं बाहेरच्या कापसावरचं शुल्क उठवलं आणि गिरणीनं तोंड फिरवलं. परदेशी गाठ स्वच्छ असते, तुमच्या गाठीत केस, सुतळी आणि गुटख्याच्या पुड्या निघतात, असं तोंडावर सांगितलं. गुलाबरावांचा पुण्यातला मुलगा म्हणाला, मशिनी विका. गुलाबरावांनी आठ दिवस कुणाचा दोरा उपसला नाही. गावाला खरोखर काळजी वाटू लागली.

एके दिवशी जिनिंगमध्ये डोकावलो. मशिनी बंद, पण तांड्यावरच्या बाया ढिगाभोवती बसून कापूस निवडत होत्या.

"घेणारा नाही, मग निवडताय काहून?" मी विचारलं.

"ह्योच ढीग चौथ्यांदा निवडून राहिलो आमी," शेवंताबाई म्हणाली. "मालकाचं डोस्कं फिरलं, गुरुजी."

मला ते लगेच पटलं.

त्यातल्याच थोड्या कापसाची गाठ करून गुलाबरावांनी गिरणीला नमुना पाठवला. निरोप आला, कचरा औषधालाही नाही, पण रंगीत दोरे सापडले. लाल, हिरवे, एक मोरपंखी. बायांनी एकमेकींचे पदर तपासले. मग शेवंताबाई कमरेवर हात ठेवून मालकासमोर उभी राहिली.

"मालक, तुमचा खिसा दाखवा."

खिशातून अर्ध्या बाजाराचे दोरे निघाले. ते ढिगावर वाकून पाहत, तेव्हा हेच दोरे कापसात सांडत होते. गुलाबराव लग्नात चोरी करताना सापडल्यासारखे लाल झाले. काडेपेटी त्यांनी मुकाट्यानं शेवंताबाईच्या हवाली केली आणि उरलेला ढीग पाचव्यांदा निवडायला घेतला.

दुसरा नमुना पास झाला. अशाच गाठी असतील तर होतील तेवढ्या पाठवा, असा गिरणीचा फोन आला.

"भारी युक्ती काढलीत," मी म्हणालो. "परदेशी कापसाला पुरून उरलात."

ते दुसरीकडे पाहत राहिले. "युक्ती कशाची गुरुजी? काम बंद पडलं असतं तर ह्या बाया लेकरं घेऊन ऊसतोडीला गेल्या असत्या. फुकट पैशाला हात लावत न्हाईत त्या. मंग थांबवायचं कसं? माझ्यापाशी तेवढा एक ढीग व्हता."

मनात ज्याला वेडा म्हणालो, त्याच्यापुढं मी मलाच फार लहान वाटलो.

दरवर्षी दिवाळीनंतर माझ्या वर्गात अर्ध्या नावांना उत्तर येत नाही. यंदा मी एकेक नाव पुकारत गेलो, आणि शेवटच्या नावापर्यंत "हजर" आलं.