शेंदरी डगलेवाल्यांची मतमोहीम

सकल मतदार, बिनमतदार आणि मत देऊन मागाहून पस्तावलेले, या तिन्ही प्रकारच्या थोर वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, जॉर्जिया प्रांती हार्गेट परगण्यात, अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे साली, ताऊ सिग्मा ओमिक्रॉन या नामांकित कृष्णवर्णी बंधुमंडळाने मतदारांस घराबाहेर काढावयाची जी थोर मोहीम केली, तीत कोण झिजला, कोण मिरवला आणि कोणाचे नाक कापले गेले, हे जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घालावयाची गरजच पडली नाही.

हे बंधुमंडळ शंभर वर्षांमागे कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनी स्थापिले, कारण गोऱ्यांच्या मंडळांची दारे त्यांस बंद होती. कॉलेजात असता शपथ घ्यावी आणि मरेतो एकमेकांस बंधू म्हणावे ऐसी चाल. पूर्वजांनी खटले लढविले, शाळा बांधिल्या, तुरुंगही पाहिले. हल्लीच्या हार्गेट शाखेत चौतीस बंधू, आणि त्यांचा पराक्रम मुख्यत्वे शेंदरी डगल्यास इस्त्री करण्यात खर्च होई.

शाखेचे अधिपती डॉक्टर क्लिफर्ड बोझमन, दंतवैद्य, वय एकोणसाठ, केस कोळशाहून काळे. ते कोणाचे कृपेने काळे, हे त्यांचा न्हावी जाणे. आणि मिरवणुकीचे अग्रभागी हाती छडी घेऊन ताल धरण्याचा मान लेम्युएल थिगपेन मास्तरांचा. मास्तर शाळेच्या बँडचे निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट, बोलणे थोडके. पंचेचाळीस वर्षे तो मान त्यांजकडे होता आणि त्याहून मोठे सुख त्यांस ठाऊक नव्हते.

त्या साली राजपदाचे एक उमेदवार कृष्णवर्णी निघाले, आणि वरी याच बंधुमंडळाची शपथ घेतलेले. मग काय पुसता! डॉक्टर बोझमनांनी खासा दरबार भरवून फर्माविले जे, आपला माणूस उभा आहे, तेव्हा आपली रयत आपलीच, कोणास समजावण्याचे कारण नाही, केवळ जागे करणे आहे. परंतु मंडळाने कोणा उमेदवाराचे नाव घेऊ नये ऐसा कायदा आडवा आला. तेव्हा मसलतीअंती ठरले की, बंधूंनी घरोघर जावे, 'आम्ही कोणाच्याही बाजूचे नाही, मत मात्र द्या' ऐसे छापलेले कार्ड हाती द्यावे, आणि देते वेळी डोळा मिचकावावा. डावा की उजवा, यावर अर्धा तास वाद जाहला. डगल्यावर टोपी असावी की नसावी, यावर दोन संध्याकाळी गेल्या. परगण्याच्या कारभाऱ्यांनी मॅग्नोलिया टेरेस येथील मतदानकेंद्र उठवून अकरा मैलांवर जत्रेच्या मैदानात नेले आहे, ही खबर मास्तरांनी दरबारात दोन वेळा घातली. दोन्ही वेळा टोपीचा विषय अपुरा होता.

मॅग्नोलिया टेरेस ही म्हाताऱ्या माणसांची तीन मजली इमारत. आजवर तेथील रहिवासी लिफ्टने खाली येत, तळमजल्याच्या दिवाणखान्यात मत देत आणि जेवणास परत वर जात. आता तेथून मैदानास ना बस, ना पायवाट. त्या इमारतीची मोहीम मास्तरांचे वाट्यास आली, आणि मास्तर डगला चढवून, कार्डे घेऊन दाखल जाहले.

दार उघडिले मिस ओडेसा फ्लेमिंग यांनी. वय अठ्ठ्याऐंशी. शाळेच्या भटारखान्यात त्यांनी तेहेतीस वर्षे रांधिले, आणि मास्तर विद्यार्थी असता त्यांच्याच हातचे जेवले. मास्तरांनी कार्ड दिले आणि हुकुमाप्रमाणे डोळा मिचकाविला.

"लेम, डोळ्यात काही गेलं का रे तुझ्या?"

"नाही, मिस ओडेसा. ते... म्हणजे तुम्हाला कळलंच असेल."

"काय कळलं असेल?"

"आपला माणूस उभा आहे या वेळी."

"माझा? माझा तर कोणी उभा नाही. माझा मुलगा डेट्रॉइटला फर्निचर विकतो."

शेजारच्या खुर्चीत हायरम रफिन बसले होते, वय एकोणऐंशी, पूर्वी ट्रक दुरुस्त करीत. ते हसत हसत म्हणाले, "मी दुसऱ्याला मत देणार आहे, मास्तर. माझ्याकडे बघून दुसरा डोळा मिचकवा."

"हा हायरम मूर्ख आहे," मिस ओडेसा म्हणाल्या, "पण निदान कारणं तरी सांगतो. मला पटत नाहीत, ते वेगळं. तू काय घेऊन आलास? कातडीचा रंग. तो माझ्याकडे अठ्ठ्याऐंशी वर्षं आहे, तुझ्याकडून नको."

मास्तरांनी उरलेली कार्डे खिशात सारली. मग त्या जरा नरमल्या आणि सांगू लागल्या. "मी पहिलं मत दिलं ना, तेव्हा बाराजणी एका कापसाच्या ट्रकातून गेलो होतो. नोकरी जाईल, घर जळेल, सगळ्याची भीती. तो ट्रकवाला वाटेत एकदाही म्हणाला नाही, की अमक्याला द्या. नेलं, आणलं. बस्स. तुझ्या कार्डावर लिहिलंय ना, कोणाच्या बाजूचे नाही म्हणून? खरं आहे का ते?"

"छापलंय तसं."

"मग गाडी आण. या इमारतीतले अठ्ठावीस जण जायला तयार आहेत. सगळ्यांना ने. हायरमलासुद्धा. आणि वाटेत कोणाला काही विचारायचं नाही. त्याला सोडून जाणार असशील, तर मीही येत नाही."

मास्तर जिना उतरून आले. आपण इतकी वर्षे या बाईच्या हातचे खाल्ले आणि आज तिला मेंढी समजून हाकावयास आलो, याची त्यांस बहुत शरम वाटली. त्याच पावली त्यांनी माउंट नीबो चर्चची पंधरा आसनांची गाडी मागून घेतली.

ही खबर डॉक्टर बोझमनांचे कानी गेली, आणि ते अत्यंत क्षोभले. फर्मान सुटले जे, शत्रूचे मत आपल्या गाडीतून वाहून नेणे हा मंडळाशी द्रोह होय. बंधू थिगपेन याणी निवडणुकीचे दिवशी सकाळी दहास मिरवणुकीचे अग्रभागी छडी घेऊन हजर असावे. न आल्यास तो मान कायमचा जाईल.

मास्तरांनी फोन करून एवढेच पुसिले, "डॉक्टर, आपल्या कार्डावर जे छापलंय, ते खोटं आहे का?"

"अहो, ते कायद्यासाठी आहे!"

"मग मी कायद्याने वागतो," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी डगला झटकला. मग तो कपाटात टांगला.

मंगळवारी दोन फौजा निघाल्या. एक डॉक्टर बोझमनांची, सजविलेल्या ट्रकावर सिंहासनाकृती खुर्ची, मागे शेंदरी डगले, पाय आपटीत आणि आरोळ्या मारीत, पुढे तीन छायाचित्रकार. ती अकरा मैलांची वाट फोटोसाठी जागोजाग थांबत, दुपार टळल्यावर मैदानास पोचली. तिने एकही मतदार आणिला नाही. ज्यांची मते होती ते वाटेकडेस उभे राहून टाळ्या वाजवीत होते, आणि ट्रक पुढे गेल्यावर घरात गेले.

दुसरी फौज चर्चच्या गाडीची. दोन खेपा, प्रत्येकी चौदा माणसे, सहा काठ्या, चाकाच्या तीन खुर्च्या, आणि रेडिओ कोणता लावावा यावर अखंड भांडण. मैदानात पाहतात तो रांग मंडपाबाहेर दोन वळसे घेऊन उभी. रांगेतल्या माणसास पाण्याचा पेला देणे हाही त्या प्रांती गुन्हा. तहानलेल्यास पाणी पाजणाऱ्यास गुन्हेगार ठरवावे, ही अक्कल ज्या थोर मेंदूतून निघाली त्यास बखरनवीसाचा दुरून मुजरा. तेव्हा मिस ओडेसा काठी टेकीत थेट कारकुनाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पंचाहत्तरी झालेल्याला रांग नाही, हा तुमचाच नियम ना? मग हे बघ, आम्ही बावीस जण." कारकुनाने वही चाळली. नियम निघाला. बावीस म्हातारे रांगेचे नाकासमोरून आत गेले. डॉक्टर बोझमनही डगला सावरून त्यांचे मागे घुसू पाहत होते. कारकुनाने अदबीने पुसिले, "आपली पंचाहत्तरी झाली का, साहेब?" डॉक्टरांचा हात आपोआप केसांकडे गेला आणि ते निमूट रांगेत जाऊन उभे राहिले.

पंचाहत्तरीहून लहान ते सहाजण, आणि खुद्द मास्तर, रांगेत राहिले. मास्तरांनी बाकीचे घरी पोचविले, परत येऊन उभे राहिले. मिस ओडेसा आणि रफिन मात्र घरापाशी उतरेनात. सगळ्यांचे झाल्याविना उतरणार नाही म्हणत गाडीत बसून राहिले. सव्वापाचास मास्तरांचे मत पडले. मागोमाग डॉक्टर बोझमनांची पाळी आली, छायाचित्रकार सरसावले, आणि कारकून म्हणाला, "साहेब, आपलं नाव इथे नाही."

शोध करिता कळले जे, पलीकडच्या परगण्यात तळ्याकाठी डॉक्टरांचा बंगला, घरपट्टीत सूट मिळावी म्हणोन त्यांनी तेच आपले राहते घर ऐसे लिहून दिले होते, वाहनपरवानाही तिकडचा केला, आणि त्यासरशी मतदारयादीतले नावही तिकडे गेले. अडतीस मैल. सातास दारे बंद. त्यांची मोटार घरी, कारण ते सिंहासनावर बसून आले होते. सजविलेला ट्रक तासास पंधरा मैल चाले. आणि चौतीस बंधूंपैकी बाकीचे फोटो जाहल्यावर केव्हाच पांगले होते.

डॉक्टर मैदानात एकटे उभे राहिले. मास्तरांनी गाडी सुरू केली होती. खरे लिहावयाचे तर त्यांनी आरशातून तो शेंदरी डगला पाहिला, आणि क्षणभर त्यांस बहुत गोड वाटले. पाय ब्रेकवरून उचललाही. मग त्यांनी तो परत टेकविला आणि दार उघडिले.

"बसा, डॉक्टर."

"लेम्युएल, मी तुला..."

"बसा आधी. उशीर होतोय."

रफिन सरकून जागा देत म्हणाले, "या, या. घाबरू नका, तुम्ही कोणाला मत देणार ते मी विचारणार नाही."

सगळी गाडी हसली. डॉक्टरही, फार उशिरा आणि फार थोडके. वाटेत मिस ओडेसांनी पिशवीतून गार झालेली मक्याची पोळी काढून त्यांस दिली, तीही त्यांनी दोन्ही हातांनी खाल्ली. सकाळपासून काही पोटात नव्हते. सातास आठ मिनिटे कमी असता गाडी तळ्याकाठच्या शाळेपाशी लागली, डॉक्टर डगला गाडीत टाकून धावले, आणि मत देऊन आले. तेथे त्यांनी फोटो काढविला नाही. एवढे त्यांचे बाजूने लिहून ठेवितो.

राजपद कोणास मिळाले ते दुनियेस ठाऊक, त्याच्या बखरी लिहिणारे पगारी बहुत आहेत. दुसरे दिवशी दूरचित्रवाणीवर एक टाय बांधलेला पंडित नकाशा रंगवून सांगत होता की, या लोकांनी आपला रंग पाहून एकगठ्ठा मत दिले. त्या समयी मॅग्नोलिया टेरेसच्या जेवणघरात बाकीची सव्वीस माणसे त्याच्याकडे पाठ करून, रफिन आणि मिस ओडेसा यांचे आदल्या दिवसापासून न मिटलेले भांडण ऐकत होती. बंधुमंडळाच्या सदर कचेरीस मात्र हार्गेटहून अहवाल गेला की, अधिपतींच्या कुशल नेतृत्वाखाली मोहीम पार पडली. मास्तरांचे नाव त्यात नाही. छडी दुसऱ्या बंधूकडे गेली, त्यास ताल धरिता येत नाही.

सबब येथे दाखल करितो: वार मंगळवार, मॅग्नोलिया टेरेस येथून निघाले अठ्ठावीस, पोचले अठ्ठावीस, मत दिले अठ्ठावीस, सुखरूप घरी आले अठ्ठावीस. खेरीज वाटेत सापडलेला एक दंतवैद्य. सरदार लेम्युएल थिगपेन, चर्चची गाडी, डगल्याविना. कोणी कोणास मत दिले हे बखरनवीसाने केवळ एकदा मिस ओडेसांस पुसिले, तो त्या म्हणाल्या, "तू तुझं लिही." म्हणोन लिहिले. फत्ते जाहली.