उजव्या बाजूचा नट

बार्नबीने थाप मारली होती, आणि ती निस्तरायला त्याच्याकडे फक्त शनिवार उरला होता.

थाप मैत्रिणीच्या, इमोजेनच्या, वडिलांसमोर मारली होती, जेवणाच्या टेबलावर, दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेताना. "गाडीचं सगळं मीच करतो," म्हणाला. गाडी म्हणजे त्याची जुनी एमजी. दोन सीटांची, तारांच्या चाकांची, टप खाली घेता येणारी. आणि 'सगळं' म्हणजे काय, तर त्याने तिला एकदा धुतलं होतं. तेसुद्धा मधेच पाऊस आला म्हणून पूर्ण झालं.

इमोजेनचे वडील डेस्मंड हारकोम तशीच गाडी उभा जन्म चालवत आलेले. लडलो गावातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात त्यांचं नाव होतं. या क्लबात ज्याचे हात काळे होतात त्यालाच घेतात, आणि त्यासाठी एका जुन्या सभासदाला शब्द द्यावा लागतो. हारकोमनी शब्द देऊन टाकला. मुलीचा मित्र आहे, पोरगा कष्टाळू आहे, आपली गाडी आपण सांभाळतो. रविवारी क्लबाची फेरी निघणार होती आणि तिथे बार्नबीची ओळख करून द्यायची होती.

म्हणून शनिवारी सकाळी बार्नबीने ठरवलं, निदान एक चाक काढायचं, आत ग्रीस लावायचं आणि ते हात उद्यापर्यंत धुवायचे नाहीत. चाक एकाच मोठ्या नटावर बसलेलं असतं. नटाला दोन कान असतात. कानावर तांब्याच्या हातोडीने ठोकलं की नट फिरतो. कुठल्या बाजूला ठोकायचं, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. नट डावीकडे उघडतो, हे बाळंसुद्धा जाणतात. रस्त्याच्या बाजूला ड्रायव्हरचं चाक होतं. तो त्याच्यासमोर बसला आणि डावीकडे ठोकू लागला.

नट ढिम्म हलेना.

पहिल्या ठोक्यांचा आवाज ऐकून शेजारचे पार्जेटर झुडपांचं कुंपण कापायला बाहेर आले. कुंपण आदल्याच दिवशी कापलेलं होतं. तरुणपणी त्यांच्याकडेही अशीच गाडी होती, त्यामुळे पोरगं काय करतंय ते त्यांना लगेच कळलं. पण माणूस स्वतःच्या दारात काही करत असताना, न विचारता त्याला सांगायचं? त्या गल्लीत हे होत नसे. समोरच्यांच्या धुराड्याने पेट घेतला होता तेव्हासुद्धा पार्जेटरनी बेल वाजवून आधी अवेळी आल्याबद्दल माफी मागितली होती.

बराच वेळ घुटमळून ते म्हणाले, "जोर चांगलाय रे तुझ्या हातात."

यापेक्षा जास्त स्पष्ट त्यांना बोलता येत नव्हतं. बार्नबीने आभार मानले आणि अजून जोरात ठोकलं.

मग मिसेस पार्जेटर चहा देऊन गेल्या. पोस्टमन जरा थांबला, मान हलवून गेला. धीर सगळ्यांनी दिला, अक्कल कुणीच दिली नाही. शेवटी बार्नबीने उभं राहून दोन्ही हातांनी हाणली, तर हातोडी कानावरून सटकली, हातातून सुटली, कुंपणावरून उडाली आणि पलीकडे काचेचा खळ्ळकन आवाज झाला. टोमॅटोंचं काचघर.

पार्जेटर हातोडी परत घेऊन आले. "माफ कर हं," ते म्हणाले, "आम्ही ते काचघर तिथे बांधायलाच नको होतं."

बार्नबीला वाटलं, यापेक्षा यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आणि नेमकी तेव्हाच हारकोमांची गाडी दारात थांबली. उद्याच्या फेरीसाठी त्याला क्लबाची टोपी द्यायला ते इमोजेनला घेऊन आले होते. बार्नबी घामाने निथळलेला, हातात हातोडी, कोपरापर्यंत काळा.

"काय चाललंय?" हारकोमनी विचारलं.

चाक निघत नाही, असं म्हणायला त्याची जीभ उचलेना. "घट्ट करतोय," तो म्हणाला.

ही त्याची दुसरी थाप. गंमत म्हणजे त्या सकाळी त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य तेच होतं, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

हारकोम वाकले, नट चाचपला, कानाला झटका देऊन पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. इतका घट्ट नट आपण जन्मात पाहिला नाही, असं त्यांनी पार्जेटरना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मुलीला सांगितलं. मग म्हणाले, "आता उघड बघू. आतलं ग्रीस बघतो."

बार्नबीने हातोडी उचलली आणि डावीकडे ठोकली.

पार्जेटर कुंपणाचं एकेक पान तपासू लागले.

"डॅड," इमोजेन हळूच म्हणाली, "या बाजूचे आटे उलटे असतात ना? तूच शिकवलंस मला. डावीकडे मारलं की आवळतो."

बार्नबीने हातोडी खाली ठेवली. "मिस्टर हारकोम, मी सकाळपासून हा उघडायलाच बसलोय. मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. मी थाप मारली."

हारकोमनी वर पाहिलं. "पाऊस येणारसं दिसतंय."

"पश्चिमेकडे भरून आलंय," पार्जेटर म्हणाले.

आकाश धुतल्या बशीसारखं स्वच्छ होतं. बार्नबीला वाटलं, यांना ऐकूच गेलं नाही. तो पुन्हा, जरा मोठ्याने, कबुली देऊ लागला. तेव्हा हारकोमनी त्याचं कोपर धरून त्याला गाडीच्या मागे नेलं.

"ऐकलं मी. पहिल्याच वेळी ऐकलं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पण मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय आणि या पार्जेटरचा मेहुणा क्लबाचा अध्यक्ष आहे. तू घट्ट करत होतास. कळलं?"

"पण मी तर..."

"मग कर ना घट्ट."

बार्नबी परत जाऊन बसला आणि डावीकडे ठोकू लागला. हारकोम शेजारी उभे राहून म्हणत होते, "असं. अस्सं. शाब्बास." पार्जेटर मान डोलवत होते. इमोजेन गाडीत जाऊन बसली होती, क्लबाची टोपी तोंडावर धरून, आणि तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय, हे बघायची बार्नबीची छाती झाली नाही.

सभासदत्व मिळालं. पुढे इमोजेननेही हो म्हटलं. क्लबात नवा कुणी आला की हारकोम जावयाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, याची चाकं कधी ढिली पडत नाहीत. बार्नबी तेव्हा बुटांकडे बघत उभा राहतो.

ते चाक आजतागायत निघालेलं नाही. पंक्चर झालं तर काय करायचं, हा विषय त्या घरात कुणी काढत नाही.