चिंचेने घासलेला कोंबडा

एका जंगलात, मुलांनो, साहेबांच्या काळातला एक बंगला होता. त्याच्या छपरावर तांब्याचा एक कोंबडा होता, काळा पडलेला. वारा जिकडून येई तिकडे तो चोच वळवी आणि वळताना भयंकर करकरे.

हसू नका. त्या कोंबड्यावर चितळांचा अख्खा कळप जगत होता. चोचीच्या बाजूने वाघ आला, तर वाऱ्याबरोबर त्याचा वास येई. शेपटीच्या बाजूने आला, तर येत नसे. म्हणून चितळं चरताना शेपटीच्या दिशेला डोळा ठेवत. वाघोबा त्यामुळे पार वाळून गेले होते.

एकदा वाघोबांनी नदीपलीकडून भाषण केलं.

"मित्रांनो, एवढी पुरातन वस्तू, आणि तुम्ही ती चक्क वापरता? झिजेल की!"

चितळांना खरंच लाज वाटली. लगेच वारसा जतन समिती झाली. अध्यक्ष वाघोबा, उपाध्यक्ष कळपाचे म्होरके शिंगाजीराव. माकडांनी चिंच लावून कोंबडा लख्ख घासला. सुतारपक्ष्याने सांध्यात पाचर ठोकली. आता चोच कायमची नदीकडे. झळाळे मात्र असा, की चितळं चरायचं सोडून त्याच्याकडे बघत बसत.

ठिपकी नावाच्या मादीला नुकतंच पाडस झालं होतं. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"शिंगाजीराव, कोंबडा फिरत नाहीये हो! वारा डोंगराकडून येतोय, माझ्या नाकाला लागतोय. वाघ नदीकडून आला तर वाससुद्धा यायचा नाही."

"अगं, तुझं नाक कालपरवाचं. कोंबडा पुरातन आहे."

ठिपकीने पाडसाला ढुसणी दिली आणि डोंगराची वाट धरली.

"समितीला न विचारता?" शिंगाजीराव डोंगराकडे बघत ओरडले. त्यामुळे मागून नदी ओलांडून आलेले उपाशी अध्यक्ष त्यांना दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी शोकसभा झाली. पलीकडे वाघोबांना ढेकर आवरत नव्हता. चितळांना तो हुंदका वाटला.

"शिंगाजीराव वारशासाठी गेले," ते म्हणाले. "आता उपाध्यक्ष कोण?"

सगळे नर एकदम पुढे सरकले.

ठिपकीला मात्र वारशाचा अपमान केला म्हणून कळपातून काढून टाकलं. ती करंटी पाडसाला घेऊन डोंगरावर राहते. अजून जिवंत आहे.

तात्पर्य : जुन्या वस्तू जरूर जपाव्यात. त्यांचा उपयोग मात्र जपू नये, वाघांची उपासमार होते.