घरातला स्विस

तोंडी परीक्षेला निघायच्या तोंडावर सासूबाईंनी आपला सराव फोनवर रेकॉर्ड केला आणि चुकून घरच्या ग्रुपवर पाठवला.

नोकरी विमानतळावरच्या चौकशीच्या खिडकीची होती. प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून रिकामा दिवस त्यांना खायला उठत होता. अर्ज केला तेव्हा सासरे एवढंच म्हणाले होते, "या वयात?" सासूबाईंचं इंग्रजी चांगलं होतं. घोडं अडत होतं एकाच जागी : एखाद्या देशाचा एक माणूस आला तर काय म्हणायचं आणि चार आले तर काय. पाठांतर जमेना, तेव्हा जुन्या सवयीने त्यांनी नमुने गोळा केले. नमुने घरातच होते.

"स्विस, जॅपनीज, चायनीज म्हणजे आमचे हे," ग्रुपवर त्यांचा आवाज खणखणला. "एकटे असोत की शंभरांत, ढिम्म बदलत नाहीत. जर्मन म्हणजे चिरंजीव. एकटा असला की गरीब गाय, मित्र जमले की मागे 'एस'चं शेपूट फुटतं, जर्मन्स! आणि फ्रेंचमॅन म्हणजे सूनबाई. माहेरची चार माणसं आली की शेपूट नाही फुटत, आतूनच बदलते. फ्रेंचमेन!"

ग्रुपवर सुनेची आईही होती.

"शेपूट?" मुलगा दारात उभा राहिला.

"आतून म्हणजे काय हो, आई?" मागोमाग सून आली, कानाला फोन. "आणि माझी आई विचारतेय, चार माणसं म्हणजे कोण कोण?"

"अगं, ते व्याकरण आहे!"

"मग त्यात माझं माहेर कशाला?"

सासूबाईंनी घाईघाईने तो निरोप पुसला. तो फक्त त्यांच्याच फोनवरून पुसला गेला. तेवढ्यात त्यांच्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, सगळ्यांना देश दिलेस, मीच काय घोडं मारलं?"

"अरे, उशीर होतोय, गाडी काढ ना," त्या मुलाला म्हणाल्या.

"शेपूट गाडीत मावायचं नाही."

"तू तरी सोड गं."

"मी आतून बदलतेय. वेळ लागेल."

सासऱ्यांनी मुकाट्याने किल्ली उचलली. वाटेत ते नेहमीच्याच वेगाने गाडी चालवत राहिले. रागावलेत की नाही, हे संसारात कधीच कळलं नव्हतं, आज तरी कसं कळणार?

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर अख्खं घर फुरंगटून उभं राहिलं. त्यांनी एकेकाकडे बघत धडाधड उत्तरं दिली. एकही चुकलं नाही.

"झालं?" बाहेर सासऱ्यांनी विचारलं.

"झालं. घेतलं मला."

त्यांनी मान हलवली. ढिम्म.

पण सोसायटीच्या फाटकाशी पोचताच त्यांनी काच खाली केली. "हिची निवड झाली!" पहारेकरी हसला. जिन्यात शेजारी भेटले, मग वरचे उतरले, आवाज ऐकून मुलगा आणि सूनही धावली. माणूस वाढेल तसा सासऱ्यांचा आवाज चढत गेला. "मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, अर्ज कर! सगळी तयारी मीच करून घेतली!"

सून रुसवा विसरून सासूबाईंच्या कानाशी लागली. "आई, बाबांना बघा. शेपूट!"

"हळू बोल," सासूबाई म्हणाल्या. "आजच्या दिवस त्यांना जर्मन होऊ दे."