घोटा जनजागृती मेळावा

क्रांतीचा उजवा घोटा वर्षभरात पाचव्यांदा मुरगळला, तेव्हा कऱ्हाडजवळच्या त्या गावातल्या क्रीडांगण समितीने गंभीर दखल घेतली. घोट्याची, मैदानाची नव्हे.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "लिगामेंट ढिलं पडलंय. रोज एका पायावर उभी राहा आणि पळायचं ते सपाट जमिनीवर." पुढच्या रविवारी गावच्याच मैदानावर जिल्ह्याच्या फुटबॉल संघाची निवड होती. त्या एका दिवसासाठी पोरीने तीन वर्षं घाम गाळला होता. एका पायावर उभं राहणं तिला जमलं, पण सपाट जमीन आणायची कुठून?

मैदानभर मांडवाच्या खांबांचे खड्डे होते. लग्न असो, वाढदिवस असो नाहीतर शोकसभा, मांडव तिथेच पडायचा, आणि खांब उपटल्यावर खड्डा बुजवायची रीत गावात कुणाच्याच घराण्यात नव्हती. गावच्या संघातल्या नऊ जणींचे घोटे असेच ढिले झाले होते. शेवटी क्रांती समितीचे अध्यक्ष लालासाहेब यांच्या दारात लंगडत गेली.

"आवं काका, तेवढं खड्डं बुजवा की. लय तर दोन ट्रॉल्या मुरूम लागंल."

"कसलं खड्डं?" लालासाहेबांनी दप्तर उघडलं. "मांडव तात्पुरता असतोय पोरी. मग त्येचा खड्डाबी तात्पुरताच की."

"आन् माझा घोटा?"

"त्यो मातूर कायमचा हाय. डाक्टरनं लिवून दिलंय न्हवं?"

समितीने एकमताने ठराव केला की, मैदान स्थिर असून घोटे अस्थिर आहेत. सबब घोट्यांबाबत जनजागृती करण्यात यावी. भव्य मेळावा जाहीर झाला. मेळावा म्हटला की पाहुणे येतात, पाहुण्यांना ऊन लागतं आणि उन्हाला मांडव. शुक्रवारी मैदानात चौसष्ट खांब रोवले गेले. नऊ खेळाडूंना स्टेजवर एका पायावर उभं करून शाल-श्रीफळ देण्यात आलं. नारळ सावरताना दोघी कोलमडल्या. त्याची इतिवृत्तात 'प्रात्यक्षिक' अशी नोंद झाली आणि टाळ्याही पडल्या.

शनिवारी मांडव निघाला. रविवारी क्रांती चेंडू घेऊन सुटली, तिघींना चकवलं, समोर एकटी गोलकीपर उरली, आणि पाय गेला तो ताज्या खड्ड्यात. निवडकर्त्यांनी कागदावर लिहिलं, 'खेळ उत्तम, परंतु खाली बघत नाही.' क्रांती तिथेच बसून ढसाढसा रडली.

प्रशिक्षक नानासो धावत आले. "कुनी पाडला गं ह्यो खड्डा?"

"समद्यांनी," ती हुंदके देत म्हणाली.

लालासाहेबांचा तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा. फक्त गेल्या लग्नसराईत ज्या मैदानातल्या मांडवात तुम्ही पंख्याखालची खुर्ची धरून दोनदा जिलेबी मागून घेतलीत, तिथे दुसऱ्या दिवशी कोण पळायला आलं होतं, ते एकदा विचारून या.