चार खांदे

"मरणाला मी भीत नाही," असं निवृत्त हेडक्लार्कांनी सकाळी घरात जाहीर केलं. तेव्हा ताप नव्याण्णव होता. शंभर झाल्यावर त्यांनी पायांवर आणखी एक पांघरूण मागून घेतलं.

दुपारी घर चिडीचूप झालं. पलीकडच्या खोलीत सूनबाई आणि चार दिवसांसाठी आलेली लेक काहीतरी शिवत होत्या. मशीन थांबलं की दबके आवाज यायचे.

"कापूस पुरेल ना गं वहिनी?"

"चार खांद्यांपुरता आहे. पांढरं कापड मात्र जपून काप."

हेडक्लार्कांनी कूस बदलली. जन्म फायलींचा अर्थ लावण्यात गेलेला. कापूस, पांढरं कापड आणि चार खांदे हे प्रकरण त्यांना टिपणीशिवाय कळलं.

"बाबांचं माप?"

"झोपले होते तेव्हाच घेतलं. आधी त्यांचंच उरकू."

"आणि आईला?"

"झाल्यावर सांगू. आत्तापासून रडारड नको."

मशीन पुन्हा खडखडलं आणि थांबलं. दार आपसूक हातभर उघडलं. खिडकीच्या गजाला काहीतरी पांढरं लटकत होतं. त्याला डोकं नव्हतं, हात नव्हते. नुसते दोन गुबगुबीत खांदे. वारा नव्हता, तरी ते सावकाश वळत वळत हेडक्लार्कांच्या समोर आले आणि थांबले.

हेडक्लार्कांनी बायकोला हाक मारली. ती आली तसा तिचा हात हातात घेतला. असं बरीच वर्षं झालं नव्हतं, म्हणून तिनं आधी त्यांचं कपाळ चाचपलं.

"तुझी रेशमी शाल इस्त्रीवाल्यानं नव्हती जाळली," ते म्हणाले. "मी जाळली. जाताना मनावर ओझं नको."

त्या शालीपायी बाई बावीस वर्षं त्या इस्त्रीवाल्याशी बोलल्या नव्हत्या. कपड्यांचं गाठोडं घेऊन दोन गल्ल्या पलीकडे जात होत्या.

"जाताना म्हणजे? निघालात कुठे?"

तेवढ्यात सूनबाई ते पांढरं घेऊन आत आली. "तारेच्या हँगरनं तुमच्या कोटाला शिंगं फुटली होती, बाबा. म्हणून कोटाच्या मापानं हँगरला कापसाचे खांदे शिवले. दोन हँगर, चार खांदे. आई, तुमची जुनी चादर कापली, रागावू नका हं."

चादरीकडे बाईंनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खुर्ची ओढली, पलंगाला चिकटवली, पदर खोचला आणि घसा साफ केला.

"सूनबाई," हेडक्लार्क क्षीण आवाजात म्हणाले, "थोडा कापूस उरला असेल तर दे. कानांत घालायला."