दार रस्त्याकडे हवं होतं

आयुष्यात मी एकच इमारत बांधली, आणि ती तीस वर्षांनंतरही ठणठणीत उभी आहे! असं छातीठोकपणे सांगणारे इंजिनिअर तुम्हाला किती भेटतील? आणि मी तर इंजिनिअरही नव्हतो. आमच्या ऑफिसात नकाशा विभागात कारकून होतो. नकाशे काढायचं काम दुसऱ्यांचं, ते गुंडाळून कपाटात ठेवायचं माझं. पण नऊ वर्षं नकाशांच्या सहवासात काढल्यावर ते माणसाला आपोआप कळायला लागतात, असा माझा ठाम समज होता.

म्हणून, वादळात कोसळलेलं एका खेड्यातलं चर्च पुन्हा बांधायला आमच्या चर्चमधले आम्ही चौदा जण रजा टाकून निघालो, तेव्हा मी बसमध्येच जाहीर करून टाकलं, "नकाशाचं मी बघतो. तुम्ही फक्त विटा उचला!"

"अहो, जमेल ना तुम्हाला?" बायकोने हळूच विचारलं.

"अगं, जमेल ना म्हणजे काय! नकाशा माझ्या नुसत्या वासानेही उलगडतो!"

ती गप्प बसली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिला गप्प बसण्याचे बरेच प्रकार साधले होते, आणि हा त्यातला सर्वांत वाईट होता.

गावातले फादर शिडीसारखे उंच आणि तितकेच सडपातळ. त्यांनी नकाशा माझ्या हातात दिला आणि छताचे पत्रे, दार आणि बिशपची तारीख आणायला ते ट्रकमध्ये बसले. "आठ दिवसांत येतो. दार रस्त्याकडे. एवढं लक्षात ठेवा!"

आता तुम्हीच सांगा, रस्ता म्हणजे काय? आपण ज्यावरून आलो तो! आम्ही आलो होतो मागच्या पायवाटेने, कारण पुढच्या बाजूला झाड आडवं पडलेलं, आणि पडलेल्या चर्चचा सगळा राडारोडा तिथेच डोंगरासारखा रचलेला. मी नकाशा उलटा धरला, असा आरोप पुढे झाला. साफ खोटं! मी तो आधी सुलटाच धरला होता. पण तसा रस्ता काही जुळेना, म्हणून मी तो पूर्ण विचारांती उलटा केला.

"साहेब, दार या बाजूला?" गवंड्याने विचारलं.

"नकाशात तसंच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाजूकडे, मग आभाळाकडे. "मग काहीतरी कारण असेल," म्हणाला, आणि त्याने दोरी ताणली.

कारणं गावानेच शोधली. लोहार म्हणाला, "वादळ पुढून आलं होतं ना, म्हणून दार मागे." मास्तर म्हणाले, "सकाळचं ऊन थेट आत येईल." मी प्रत्येकाला मान डोलावली. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे एकाहून एक सरस अशी सात कारणं जमली होती, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं!

काय दिवस होते ते! आम्ही शाळेच्या फरशीवर झोपायचो. तळहातांना पहिल्या दिवशी फोड, चौथ्या दिवशी घट्टे. जुन्या विटांचा चुना खरवडायचा आणि हातोहात पुढे द्यायच्या. ओळीत माझ्या शेजारी एक म्हातारबाबा असायचे. अधूनमधून एखादी वीट हातात तोलून म्हणायचे, "ही माझ्या लग्नाच्या दिवशी पाठीला टोचत होती. हीच!" आणि मग ती मला अशी द्यायचे, जणू तान्हं मूल देताहेत. ती वीट टाकायची माझी छाती होत नसे.

भिंती चढल्या, तुळया बसल्या. आठव्या दिवशी आम्ही पुढचं झाड हटवून राडारोडा उपसायला घेतला, आणि खालून पायरी निघाली. मग दुसरी. एकंदर पाच! घडीव दगडाच्या, रुंद, देखण्या पायऱ्या, आणि त्या थेट आमच्या नव्या कोऱ्या भिंतीला जाऊन भिडत होत्या.

तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला.

फादर उतरले. पाचही पायऱ्या चढले. भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ उभे राहिले.

"दार कुठे आहे?"

"मागे," मी म्हणालो.

"मागे म्हणजे?"

"म्हणजे... पुढेच. पण मागच्या बाजूने."

मागे जाऊन पाहतो तो काय! दारासमोर तीन पावलांवर तारेचं कुंपण. तेही दोन्ही टोकांना चर्चच्या जुन्या जोत्याच्या कोपऱ्यांना घट्ट बांधलेलं. ते मला आठ दिवस दिसत होतं, पण मला वाटलं, गुरं येऊ नयेत म्हणून बांधकामापुरतं घातलंय. कुंपणापलीकडे गावच्या सुईणबाईंचं अंगण, आणि त्यापलीकडे माझा तो रस्ता! आठही दिवस बाई आपल्या घराच्या दारात स्टुलावर बसून, शेंगा सोलत, आमच्याकडे पाहत होत्या. मला वाटायचं, कौतुकाने पाहतात.

"हे कुंपण त्यांनीच घातलंय," गवंडी माझ्या कानात म्हणाला. "अकरा वर्षं झाली. फादरशी बोलत नाहीत."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, नकाशात असेल!"

भिंत फोडायची, तर तुळया उतरवायला हव्यात. म्हणजे पंधरा दिवस. आज बुधवार. बिशप रविवारी येणार, आणि आमची बस सोमवारी. बिशपना उद्घाटनाला कुंपणावरून उडी मारावी लागणार होती!

मी कुंपणाशी गेलो. "बाई, तुमच्या अंगणातून थोडी वाट मिळेल का? माणूस जाईल एवढीच."

"फादरना पाठवा," त्या शेंगेवरची नजर न उचलता म्हणाल्या.

फादर आले. मागे आख्खं गाव श्वास रोखून उभं.

"भर चर्चमध्ये म्हणालात तुम्ही, एका आवाजामुळे बाकीचे ऐकू येत नाहीत!" सुईणबाई कडाडल्या.

"मी नाव घेतलं नव्हतं."

"घ्यायची गरज होती का? त्या आवाजात दुसरं कोण गात होतं?"

फादर खाली आपल्या बुटांकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू? आता सगळे ऐकू येतात. पण ऐकावंसं वाटत नाही."

सुईणबाईंनी शेंगांची टोपली खाली ठेवली आणि त्या तरातरा घरात निघून गेल्या. झालं! फादरचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात बिशपना शिडीवर चढवायला लागलो. तेवढ्यात बाई बाहेर आल्या, हातात पक्कड!

"बघत काय राहिलात? ती तार धरा. एकटीने कापली जात नाही."

फादरनी तार धरली. गावाने अशी आरोळी ठोकली की ट्रकवाला दचकून जागा झाला.

रविवारी बिशप त्या अंगणातूनच आले. बाईंनी अंगण आरशासारखं घासलं होतं, पण कपडे वाळत घालायची तार काढायची राहिली. बिशपची टोपी तिला अडकली आणि हवेत लोंबकळायला लागली. बाईंनी ती काढली, झटकली आणि म्हणाल्या, "वाका जरा." बिशप निमूटपणे वाकले.

आणि मग बाई गायल्या. अकरा वर्षांचं साठलेलं गायल्या! नवे पत्रे थरथरले, तुळयांवरची कबुतरं उडाली, आणि माझ्या शेजारचे म्हातारबाबा डोळे पुसायला लागले. डोळ्यांत चुना गेला, असं मीही बायकोला सांगितलं.

"घरातून देवाच्या घरात यायचं!" बिशप नंतर म्हणाले. "ही सुंदर कल्पना कुणाची?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण बायकोने माझ्या पायावर असा पाय दिला की तोंडातून फक्त "आई गं!" निघालं. बिशपना तो माझा विनय वाटला.

पुढच्या वर्षी फादरचं पत्र आलं. शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या आहेत, सगळं गाव तुमची आठवण काढतं, नक्की या. वाचून माझा ऊर भरून आला. पत्राखाली गवंड्याने आपल्या हाताने एक ओळ लिहिली होती : "साहेबांनी यावंच. कांदे चिरायला माणूस कमी आहे."

गेलो की! बारा दिवसांचं काम होतं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून सुरी काढून घेतली आणि मला सोलायला बसवलं.